चौऱ्याहत्तर नंबरमधलं तिसरं माणूस

माझ्यात ज्याची नोंद ‘मुलगा’ म्हणून झाली, त्याची चप्पल बायकी होती.

एवढंच. सगळं सुरू झालं ते एवढ्याशा गोष्टीवरून. घर क्रमांक चौऱ्याहत्तर, माणसं तीन: काका, काकू आणि त्यांचा एकतीस वर्षांचा मुलगा. दारात चपलांचे जोडही तीन. सगळं कसं चोख. पण तिसरा जोड निळ्या पट्ट्यांचा होता, डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली, आणि तो रॅकवर नव्हता. रॅकच्या खाली, भिंतीला चिकटून, अंग चोरून बसला होता. माझ्या पानांना कापरं भरलं. अर्थात मला कापरं भरायला फारसं काही लागत नाही म्हणा. कोणी पंखा लावला तरी मी दचकते.

ओळख राहिलीच. मी मोजणीची वही. दहा वर्षांतून एकदा माणसं मोजायची लहर येते, तेव्हा आम्हा बहिणींना छापतात, दोऱ्याने शिवतात आणि घरोघर हिंडवतात. माझ्या वाट्याला शहराच्या कडेचं हे उपनगर आलं. एकशे दहा घरं. झाडं एका उंचीची, फाटकं एका रंगाची आणि प्रत्येक फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’. माझ्यासारखीने जगायचं कसं, सांगा.

मी अडाणी नाही हं. माझं शिक्षण कॉलेजात झालंय. म्हणजे कॉलेजच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तेव्हा मी टेबलावर होते. तिथे साहेबांनी माझ्या पहिल्या पानावरचा नियम मोठ्याने वाचून दाखवला होता: जो या घरात जेवतो, इथेच झोपतो आणि सहा महिन्यांहून जास्त काळ इथे आहे, तो या घरचा. त्यानंतर तो नियम कोणी वाचल्याचं मला आठवत नाही.

मला हातात धरून फिरते ती एक शाळेतली बाई. तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात चाळीस पोरं तिच्या एका नजरेने गप्प बसतात म्हणे. दारात उभी राहिली की मात्र तिचा आवाज घशातच राहतो. बेल दाबून ती दोन पावलं मागे सरते. मी तिच्या छातीशी घट्ट. आमची जोडी छान जमली.

माणसं मोजणं किती सोपं असतं, ते मला या दहा दिवसांत कळलं. बारा नंबरचे गृहस्थ म्हणाले, “घरात किती जण? थांबा हं, हिला विचारून सांगतो.” तीस नंबरच्या बाईंचं वय गेल्या मोजणीत अडतीस होतं, या वेळी त्या एकोणचाळीस सांगून मोकळ्या झाल्या, वर “खरं ते लिहावं” असंही म्हणाल्या. एकेचाळीस आणि बेचाळीस ही सख्ख्या भावांची घरं, मधे एकच भिंत. “आई?” एकेचाळीस म्हणाला, “ती या पंधरवड्यात त्याच्याकडे असते.” बेचाळीस म्हणाला, “छे, त्याच्याकडे!” आई दोन्ही फाटकांच्या मधोमध खुर्ची टाकून भाजी निवडत होती. आमच्या बाईने तिलाच विचारलं आणि ती म्हणेल तिथे लिहिलं.

साहेबांच्या तक्त्याप्रमाणे आमच्या उपनगरात दर घरी सरासरी दोन पॉइंट सात माणसं राहतात. दोन तर मी जागोजाग पाहिली. चार खोल्या, तीन टीव्ही, दोन माणसं, आणि तीही एकमेकांना “जेवलास का” हे फोनवर विचारणारी. पण ते पॉइंट सात कुठे झोपतं, हे कोडं काही मला सुटत नव्हतं.

तर चौऱ्याहत्तर नंबर. काकू मोठ्या अगत्याच्या. पाणी दिलं, बिस्किटं दिली. काका वर्तमानपत्रामागे होते. ते तिथेच राहत असावेत.

“लिही गं,” काकू म्हणाल्या. “आम्ही दोघं आणि आमचा मुलगा. इंजिनियर आहे.”

“ते इथेच असतात ना?”

“म्हणजे काय! त्याची खोली बघायचीय?” आणि खरंच खोली दाखवली. पलंगावर इस्त्रीची चादर, टेबलावर शाळेतली बक्षिसं, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. इतकी नीटनेटकी पोराची खोली मी एकशे दहा घरांत दुसरी पाहिली नाही. बाईने नाव लिहिलं. प्रत्येक नोंदीमागे मी एक चिठ्ठी देते, नाव आणि राहता पत्ता लिहून, शिक्का मारून. तशा तीन चिठ्ठ्या माझ्यातून फाडून दिल्या. मुलाची चिठ्ठी काकूंनी त्याच्या टेबलाच्या खणात जपून ठेवली.

आम्ही फाटकापर्यंत पोचलो, तोच आत फोन वाजला. काकूंचा आवाज बाहेरपर्यंत आला. “बोल रे राजा! तिकडे आत्ता सकाळ झाली का?”

बाई थबकली. चपलांकडे वळून बघितलं. मग माझ्याकडे. मी म्हटलं, जा ना आत, विचार. पण माझं ऐकू कोणाला येतं? आणि तिला तरी कुठे धीर होता. आम्ही पंचाहत्तर नंबरकडे गेलो.

दोन दिवसांनी बसच्या थांब्यावर एक पन्नाशीची बाई हळूच बाकावर सरकून आमच्या शेजारी आली. पायात निळ्या पट्ट्या, डावी टाच झिजलेली.

“बाई, ती चिठ्ठी मला मिळेल का हो?”

“कुठली चिठ्ठी, मावशी?”

“राहत्या पत्त्याची. दवाखान्यात गुडघ्याच्या ऑपरेशनच्या यादीत नाव घालतात, तिथे लागते. इतके दिवस नुसत्या गोळ्या घेतेय.”

“तुम्ही कुठल्या घरच्या?”

“चौऱ्याहत्तर.”

बाईने मला उघडलं. माझं पान मलाच वाचवेना. “मावशी, तिथे तीन माणसं लिहून झालीत.”

“त्यात मी?”

“नाही.”

“बरं,” मावशी म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. माझं तर अंगच चुरगळलं. “गावी भावाच्या घरी पण तुमच्यासारखी बाई आली होती. त्याने सांगितलं, बहीण शहरात असते. ते बरोबरच आहे की.”

म्हणजे गावाला वाटतं शहराने मोजली, शहराला वाटतं गावाने. शिवाय वही शनिवारी दुपारी बारा वाजता बांधून वर जाणार. एकदा दोरी बांधली की मी दहा वर्षं उघडत नाही. तोवर मावशीचा गुडघा काय म्हणेल?

बाईने साहेबांना गाठलं. साहेब भला माणूस, फक्त त्यांना लाल शाईचं भय. माझ्यातली नोंद बदलायची तर लाल शाईने खोडायची, शेजारी कारण लिहायचं आणि त्यावर साहेबांनी सही करायची, असा नियम आहे.

“मुलगा परदेशात आहे?” ते म्हणाले. “मग तो खोडला तर किती उरले?”

“दोन, सर. आणि मावशी धरल्या तर तीन.”

“म्हणजे आधी तीन, नंतरही तीन! बेरीज बरोबर आहे की. मग खोडाखोड कशाला?”

“पण सर, माणूस वेगळं आहे.”

“अहो बाई, आपण वर माणसं पाठवतो का? बेरीज पाठवतो!” मग तिचा चेहरा बघून जरा नरमले. “हे बघा, त्या बाईने त्या घरात उभं राहून स्वतः सांगितलं, तर करतो सही. बसस्टॉपवर सांगितलेलं चालत नाही.”

आज शनिवार. सव्वाअकरा. आम्ही पुन्हा चौऱ्याहत्तरच्या बैठकीत. या वेळी बिस्किटं नाहीत.

“मावशी ना?” काकू हसल्या. “अगं, ती आमच्या घरचीच आहे. एकोणीस वर्षं झाली!”

“मग लिहू त्यांना?”

“तशी घरची नव्हे गं!” काकू पटकन म्हणाल्या. “कामाला आहे ती.”

“जेवतात कुठे?”

“इथेच. आम्ही कधी शिळं नाही हो दिलं.”

“आणि झोपतात?”

“स्वयंपाकघराच्या मागे, वॉशिंग मशीनपाशी. पंखा लावून दिलाय.” काकूंनी पदर सारखा केला. “झोपते इथे. पण राहत नाही.”

या वाक्यासाठी माझ्यात रकानाच नाही. मी शोधला.

आणि इतके दिवस न सुटलेलं माझं कोडं तिथे सुटलं. पॉइंट सात वॉशिंग मशीनपाशी झोपतं.

“काकू, नुसती नोंद आहे. दवाखान्यासाठी.”

“आज दवाखाना, उद्या म्हणेल खोलीवर माझं नाव लागलंय. सरकारी कागदावर चढलेलं नाव उतरत नाही, मला माहितेय. आणि माझ्या मुलाचं खोडणार? त्याची खोली बघितलीस ना तू? अहो, तुम्ही बोला की काहीतरी!”

वर्तमानपत्राचं एक पान उलटलं.

“आणि हे बघ, ती घरात नाहीये. बाहेर गेलीय,” काकूंनी विषय संपवला.

बाईने दाराकडे बघितलं. मीही बघितलं. रॅकच्या खाली, भिंतीला चिकटून, निळ्या पट्ट्या. मावशी बाहेर गेली असेल, तर अनवाणी गेली होती.

बाई उठली. मला वाटलं, निघालो आता. नेहमीसारखी दोन पावलं मागे. पण ती दोन पावलं पुढे गेली, स्वयंपाकघराच्या दिशेने. तिने पर्समधून लाल पेन काढलं, तेच ते, पोरांच्या वह्या तपासायचं. टोपण उघडल्याच्या आवाजाने मी दचकले. आणि मग, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, मी तिचा वर्गातला आवाज ऐकला.

“मावशी! मी मोजणीवाली. या घरात कोण कोण राहतं?”

आत मशीन घरघरत होतं. काकू दाराची चौकट घट्ट धरून उभ्या. मला वाटायचं, घाबरायचं काम फक्त माझ्याकडे आहे.

मशीन चालू आहे तोवर एक विनंती करून घेते, नंतर मला दोरी बांधतील. तुमच्या दारात कधी माझी एखादी बहीण आली, तर तिला ‘आम्ही किती’ ते एकदम सांगू नका. आधी दारातल्या चपला मोजा. रॅकच्या खालच्याही. लांब गेलेल्यांची खोली झाडून ठेवा, चादर बदला, कोण नको म्हणतंय? पण ती चादर धुतं कोण, तेही एकदा बघा. मी बेरजेची वही असेन, पण माझ्या प्रत्येक ओळीत आधी नावाची जागा आहे. बेरीज सगळ्यात खाली येते.

“मावशी!” बाईने पुन्हा हाक मारली. “ऐकू येतंय का?”

मशीन थांबलं. ओल्या हातांनी कोणीतरी पडदा बाजूला सारला. काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

“येतंय, बाई,” मावशी म्हणाली. तिने काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मी राहते.”