मन्सूरचाचांच्या पायाखालची फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. हातभर लांब, वीतभर रुंद, अंगावर खिळ्यांची चार भोकं. सामान रचायच्या एका लाकडी पॅलेटचा मी तुकडा. फरशांचे खोके पाठीवर घेऊन कतारच्या हमद पोर्टला उतरले, तेव्हा कस्टमवाल्यांनी मला उलटंसुलटं करून तपासलं. तेव्हापासून कोणीही जवळ आलं की मला पहिला प्रश्न पडतो, याच्या मनात काय आहे?

पॅलेट मोडलं, तेव्हा कचऱ्यातून मला मन्सूरचाचांनी उचललं. चाचा मूळचे रत्नागिरीचे, पोर्टच्या गोदामात कारकून होते. तरुणपणी जहाजावर असताना एका अमेरिकन खलाशाकडून ते गिटारवर ब्लूज शिकले. ब्लूज म्हणजे राबणाऱ्या काळ्या माणसांनी आपलं दुःख सांगत रचलेलं संगीत. चाळीस वर्षं चाचांनी तेच वाजवलं. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये त्यांनी मला घासून गुळगुळीत केलं आणि उजव्या बुटाखाली ठेवलं. गिटार वाजे, बूट माझ्यावर पडे. ठक... ठक. शेजारी म्हणत, "वा, चाचा!" माझं नाव कोणी घेत नसे.

मग एक दिवस फैसल आला. रायगडचा तरुण, दोह्याच्याच मुशैरिब भागात त्याचा छोटा स्टुडिओ.

"चाचा, तुमचा अल्बम करू. पाच देशांतले पाच वादक तुमच्यासोबत! आधी तुम्ही वाजवा, मग ते आपापल्या घरून वाजवून पाठवतील."

चाचांची मुलगी तय्यबा दारातच उभी होती. आपल्या लेकीच्या दुधाच्या डब्यावरची तारीख दोनदा वाचणारी बाई ती. म्हणाली, "सोबत वाजवणार आणि एका खोलीत कोणीच नाही? ही कसली सोबत?"

मला तेव्हाच ती आवडली.

स्टुडिओत चाचांनी मला बुटाखाली ठेवलं, पण फैसलने उचलून भिंतीशी उभं केलं. माझा आवाज माइकमध्ये शिरतो म्हणे. चाचांच्या पायाखाली जाड गालिचा आला आणि कानांवर ठोका धरायला टिकटिक करणारे हेडफोन. चाचा अडखळले. पुन्हा अडखळले.

"चाचा, टिकटिकच्या मागे पडताय."

"मी मागं नाय पडत रे. तीच पुढं पळते."

सगळे हसले. तय्यबा हसली नाही. मीही नाही.

आठवड्याने फैसलने गाणं ऐकवलं. एकही अडखळ नव्हती. अगदी स्वच्छ!

"हे अब्बा नाहीत," तय्यबा म्हणाली. "खरं सांग, कोणाकडून वाजवून घेतलंस?"

"अल्लाची शपथ, ताई, सूर चाचांचेच आहेत. मी फक्त कॉम्प्युटरवर एकेक उचलून टिकटिकच्या ठोक्यावर बसवला. लोकांना चुका वाटल्या असत्या."

"चुका?"

चाचा उठले. त्यांनी गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या. "चांगलं झालंय, बेटा. फक्त त्यावरून माझं नाव काढ. खलास."

तय्यबाचा चेहरा उतरला. ती तरातरा भिंतीकडे आली. आता मला बाहेर फेकणार, असं वाटलं. तिने मला गालिच्यावर आपटलं, अब्बांच्या बुटाखाली सरकवलं आणि पेटी पुन्हा उघडली.

"ती टिकटिक बंद कर. वाजवा, अब्बा. यल्ला, चला."

"ताई, ठकठक गाण्यात येईल."

"येऊ दे."

चाचांचा बूट पडला. ठक. मध्ये त्यांना हवी तेवढी जागा. ठक. गिटार त्या जागेत आरामात चालू लागली. एवढ्यात फैसल एक माइक घेऊन माझ्याकडे वाकला. माझा दोष मोजतोय की काय? मी अंग चोरलं. त्याने तो माझ्याशेजारी ठेवला आणि गुपचूप मागे सरला.

ठकठकीसकट तेच गाणं पाच देशांत गेलं. चौघांनी आपापली साथ पाठवली. मोरोक्कोच्या ढोलवाल्याने मात्र काहीच पाठवलं नाही, फक्त निरोप आला. 'इथे ठोका आधीच कोणीतरी वाजवतंय. मी गप्प बसतो.'

तय्यबाने तो तीनदा वाचला. त्यात काही खोच नाही ना, ते पाहिलं. मग फोन अब्बांपुढे धरला. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "नाव राहू दे, फैसल," ते म्हणाले.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसापाशी एखादी वस्तू अडगळ दिसली, तर हलवण्याआधी त्याला विचारा. आणि कोणाबद्दल संशय आला, तर तो मनात कुजवू नका, तोंडावर बोला. मला बोलता येत नाही. तय्यबा बोलली, म्हणून चाचांच्या गाण्यात चाचा राहिले.