सतरा क्रमांकाचा कागद

मी विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचा सूचनाफलक बोलतोय. आवाज जरा कापतोय, सांभाळून घ्या. तेवीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं अंगावर वागवलं, स्वतःचं बोलायची ही पहिलीच खेप. त्यातून जे सांगायचंय ते असं आहे, की नुसतं आठवलं तरी माझ्या काचा थरथरतात.

एका सुताराने मला मोडीत निघालेल्या बाकांच्या लाकडातून बनवलं. आत हिरवं कापड ताणून बसवलं, पुढे दोन सरकत्या काचा आणि एक चिमुकलं कुलूप. विभागाच्या मार्गिकेत मला भिंतीवर चढवताना तो प्रमुख सरांना म्हणाला, "साहेब, काच लावलीय खरी, पण जपून. काचेआड साधी चिठ्ठी जरी ठेवलीत ना, तरी लोक हुकूम समजून वाचतील." सर हसले. मीही मनातल्या मनात हसलो. तेव्हाच घाबरायला हवं होतं.

माझ्या अंगावर विभागाच्या सगळ्या बातम्या लागायच्या. पाहुण्यांचं व्याख्यान, परीक्षेचा निकाल, कुणाला पदवी मिळाली त्याचं अभिनंदन, "झोपेवरील प्रयोगासाठी सहभागी हवेत" अशी विनवणी. निकालाच्या दिवशी माणसं बघावीत. आधी स्वतःचा क्रमांक शोधतात, मग मैत्रिणीचा, आणि पास झालेली माणसं लगेच हलतात. नापास झालेला मात्र पुन्हा वाचतो, बोटाने ओळ धरून वाचतो, जणू आपण नीट वाचलं तर माझं मत बदलेल. इथे मनाचा अभ्यास करणारी भलीभली विद्वान माणसंसुद्धा अगदी असंच करतात.

माझी किल्ली विभागाच्या शिपाईकाकांकडे असायची. सगळे त्यांना किल्लीवाले काका म्हणत. प्रत्येक कागद आधी ते ओठ हलवत पूर्ण वाचणार, मगच लावणार, आणि तोही चार टाचण्यांनी. घाईत कुणी दोनच टाचण्या दिल्या की म्हणायचे, "दोन टाचण्यांचा कागद म्हणजे अर्धी बटणं लावलेला सदरा. मी नाही असल्या अवतारात कुणाला उभं करणार."

चार वाजले की काका नातीला, चिंगीला, शाळेतून आणायला जात. लेक इस्पितळात परिचारिका, तिची पाळी दुपारची. शाळा आणि विभाग यांच्यामध्ये दोन मोठे रस्ते, वाहनं नुसती अंगावर येणारी. काका चिंगीचा हात असा धरून आणत की पोरगी कुरकुरायची, "आजोबा, बोटं दुखतात!" मग ती माझ्याखालच्या बाकावर बसून गृहपाठ करायची आणि साडेपाचला दोघं घरी जायची. या दोघांकडे बघताना मला बरं वाटायचं, उगाच का सांगा.

काकांना एकच भीती होती. त्यांचे वडील म्हातारपणी एकदा कोपऱ्यावर जातो म्हणून निघाले आणि वाट विसरले. दोन दिवसांनी सापडले. माझी काच पुसताना काका हे कधीतरी कार्यालयातल्या बाईंना सांगत, आणि सांगून झालं की स्वतःच विषय बदलत.

मागच्या वर्षी एक तरुण प्राध्यापिका विभागात रुजू झाल्या. हुशार, कामसू, चहा थंड होईपर्यंत वाचत बसणाऱ्या. त्यांनी प्रयोग मांडला. वरवर बघता स्मरणशक्तीची चाचणी. वीस शब्द ऐकवायचे आणि अर्ध्या तासाने आठवतील तेवढे लिहून घ्यायचे. पण बाईंना खरं बघायचं होतं ते वेगळंच. वाईट बातमी कळल्यावर माणूस कसा वागतो? म्हणून कुणाला किती शब्द आठवले याच्याशी त्यांना काही देणंघेणंच नव्हतं. उत्तरपत्रिका न तपासताच पाकिटात बंद. चिठ्ठ्या टाकून दहा क्रमांक काढायचे, त्यांना खोटी वाईट बातमी द्यायची, आणि शुक्रवारी बोलावून सारं खरं सांगून टाकायचं. अशा प्रयोगांची ही रीतच असते. कोणता क्रमांक कुणाचा, हे गुप्त. मदतनीस मुलगी तेवढी नोंद करणार आणि यादी मोहोरबंद ठेवणार, बाईंनासुद्धा दिसायची नाही.

चाळीस माणसं हवी होती. शेवटच्या दिवशी एकोणचाळीसच भरली. मदतनीस मुलीने बाहेर डोकावून काकांना हाक मारली. "काका, बसता का जरा? वय काहीही चालतं. कुणीतरी आलंच नाही, सतरा क्रमांक रिकामा आहे." काका हात पुसत आत गेले. बाईंना याचा पत्ताच नाही.

सोमवारी बाईंनी काकांच्या हातात कागद दिला. नेहमीप्रमाणे काका ओठ हलवत वाचू लागले. "स्मरणचाचणीत खालील क्रमांकांचे निकाल अपेक्षेपेक्षा फारच कमी आले आहेत. त्यांनी शुक्रवारी साडेचार वाजता खोली क्रमांक चारमध्ये भेटावे." खाली दहा क्रमांक. तिसरा सतरा.

त्यांचे ओठ थांबले. मी त्यांच्या इतका जवळ होतो की त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटला. चार टाचण्या लावल्या त्यांनी, नाही असं नाही, पण एक स्वतःच्या बोटात टोचली आणि त्यांना ते कळलंही नाही. कुलूप लावलं, चार पावलं गेले आणि परत आले. बोटाने ओळ धरून वाचलं.

शुक्रवारी खोली क्रमांक चारमध्ये नऊ जण गेले, आणि हसत, शिव्या घालत, सुटकेचा श्वास टाकत बाहेर आले. काका गेले नाहीत. एक तर शाळा सुटायची वेळ, आणि दुसरं, धीरच झाला नाही. बाईंनी सतरासमोर "गैरहजर" लिहिलं. कुणीतरी विद्यार्थी असेल, कंटाळला असेल, असं त्यांना वाटलं. आणि जाता जाता काकांनाच म्हणाल्या, "काका, तो कागद काढून टाका. त्याचं काम झालं."

काम झालं! मला ओरडावंसं वाटलं. बाई, मागे वळून बघा, सतरा क्रमांक तुमच्यासमोर उभा आहे! पण फलकाला तोंड असतं का? दुसरा लिहील तेवढंच मी बोलणार.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या जिवाला घोर लागला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी रोज बघत होतो. काका माझ्यापुढे उभे राहून कागदांचे मथळे पाठ करायचे, मग डोळे मिटून म्हणून बघायचे आणि अडखळले की घाम पुसायचे. एकदा किल्ली कुलपातच राहिली. एकदा चारला निघाले आणि दारातून परत येऊन घड्याळ बघितलं, पुन्हा गेले, पुन्हा आले. मग त्यांनी नवीनच सुरू केलं. मोठ्या कागदांच्या मागे बारीक चिठ्ठ्या लावू लागले. एका टाचणीने. काकांनी, एका टाचणीने!

मी स्वतःची समजूत घालत होतो. ही सगळी त्या खोट्या कागदाची करणी. खरं कळलं की काका पहिल्यासारखे होतील.

एका दुपारी बाई स्वतः किल्ली मागून घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचा प्रयोग परिषदेसाठी निवडला गेला होता, त्याची बातमी लावायची होती. जुना कागद काढला आणि मागच्या चिठ्ठ्या दिसल्या. "चिंगीची शाळा साडेचारला सुटते. निळं फाटक. दुसरी वाट घ्यायची नाही." आणि त्याखाली, "सतरा क्रमांक मी आहे. लेकीला सांगायचं नाही."

बाईंनी काकांना हाक मारली. काकांना बाकावर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या टाकून क्रमांक काढले, निकाल खोटा होता, चूक आपली. आणि माफी मागितली.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही भल्या आहात. मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही हो काका! शपथ घेऊन सांगते, खोटंच होतं ते."

"मग खरे किती शब्द आले होते मला?"

बाईंना माहीतच नव्हतं. चाळीस माणसांची स्मरणशक्ती त्यांनी विचारली होती आणि एकाचीही उत्तरपत्रिका उघडली नव्हती.

"आत्ता दाखवते," त्या उठल्या. "तुमच्यासमोरच तपासते, मग तर विश्वास बसेल?" पळतच पाकीट घेऊन आल्या. लाल पेन्सिल काढली. चेहऱ्यावर कशी सुटका होती! माझाही जीव भांड्यात पडत आला होता.

कागद माझ्या काचेसमोरच धरला होता, त्यामुळे मलाही दिसला. वीस शब्दांतले पाच लिहिले होते. त्यातला एक शब्द चार वेळा. खाली एका जागी वीसमध्ये नसलेलाच शब्द, "निळं". हे सगळं त्या सोमवारच्या आधीचं. भीती मनात शिरण्याच्या आधीचं.

लाल पेन्सिल पाचव्या खुणेनंतर थांबली. बाईंनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला, बोटाने ओळ धरली.

काकांनी तेवीस वर्षं या मार्गिकेत निकाल वाचणारे चेहरे बघितले होते. त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत आले होते.

"बाई," ते म्हणाले, "आज चिंगीला आणायला तुम्ही जाल का? हात घट्ट धरा, ती ओढते. आणि माझ्या लेकीला फोन करा. मला नाही सांगता येणार."

बाई त्याच संध्याकाळी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. पुढे औषधं सुरू झाली, काकांनी नोकरी सोडली. परिषदेला बाई गेल्या नाहीत. आता आमच्याकडे नियम आहे, की कुणाची चाचणी घेतली तर उत्तरपत्रिका त्याच आठवड्यात तपासायची, हेतू काहीही असो. नियम चांगला आहे. दोन महिने उशिरा आला, एवढंच.

मला मात्र आता प्रत्येक नव्या कागदाची धास्ती वाटते. टाचणी टोचली की वाटतं, हा कुणाचा क्रमांक असेल? मनाचा अभ्यास करणाऱ्यांनो, हात जोडता येत नाहीत म्हणून नुसतंच विनवतो. माणसाला प्रश्न विचारलात, तर त्याचं उत्तर वाचायला थांबा.

परवा काका आले होते. चिंगीने त्यांचा हात धरला होता. ते माझ्यासमोर उभे राहिले, कागदांच्या कोपऱ्यांवरून नजर फिरवली, आणि म्हणाले, "किती व्यवस्थित लावलंय. हे कोण बघतं गं?"

चिंगी म्हणाली, "तुम्हीच, आजोबा."

"हो का?" काका हसले. "छान ठेवलंय."

इथून जाणाऱ्या माणसांनो, कधी ते दोघं भेटले तर एवढं करा. किल्ली आता दुसऱ्याकडे असते, हे काकांना सांगू नका.