टाकेबाईंचे मनगट आणि वाडग्यातला फेस

दोन हजार आठ साली मी या घरात आले. मित्रांनो, मी एक जुनी बांबूची रवी आहे. मुठीएवढी, एकाच पेरातून चिरलेली, ऐंशी बारीक काड्यांची. माझे काम एकच: माचा नावाच्या चहाची हिरवी पूड पाण्यात घुसळून तिला फेस आणायचा. आज माझ्या एकोणतीस काड्या तुटल्या आहेत, उरलेल्यांची वळणे गेली आहेत आणि मी खिडकीशेजारच्या फळीवर निवृत्त होऊन बसले आहे. पण त्या वर्षी मी नवीकोरी होते. एका बाईची एकतीस वर्षांची खुर्ची तेव्हा माझ्या काड्यांवर टिकून होती, असे म्हटले तर फार फुशारकी होणार नाही.

मला एका म्हाताऱ्या कारागीर बाईने घडवले. तिने बांबू हिवाळाभर वाळवला, पेर कापले, त्याच्या काड्या चिरल्या आणि एकेक काडी केसासारखी पातळ होईपर्यंत तासली. शेवटी काळ्या दोऱ्याने मला गुंफले, उजेडात धरून पाहिले आणि म्हणाली, "जा आता." कौतुक म्हणून मला एवढेच मिळाले, पण मी ते आयुष्यभर पुरवले.

ज्या बाईकडे मी आले तिला सगळे टाकेबाई म्हणत. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील कागदांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, हाताने शिवण्याचे तिचे काम. मी येण्याच्या दोन महिने आधी ती कारखान्याच्या ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, पण मनगट लाकडासारखे ताठ राहिले. मी आले त्याच दिवशी सकाळी कारखान्याचे मालक घरी येऊन गेले होते. ते काय बोलले ते मी पुढे टाकेबाईंच्या तोंडून इतक्यांदा ऐकले की मला पाठच झाले.

"टाकेबाई, वाचनालयाची तीनशे जुनी दप्तरं, नोंदवह्या, शिवायला आली आहेत. मशीनवर घेता येत नाहीत, कागद फाटतो. येत्या नाही, त्यापुढच्या पहिल्या तारखेपर्यंत खुर्ची राखतो. त्या दिवशी या, एक दप्तर शिवून दाखवा. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बसवावं लागेल. राग मानू नका."

त्या पहिल्या तारखेला तेहतीस दिवस होते.

माझी पेटी पाठवली होती तिच्या लेकीने. ती दुसऱ्या शहरात चहाच्या दुकानात काम करायची. पेटीत पुडीचा डबा, एक रुंद वाडगा, बारीक चाळणी, बांबूची चिमुकली पळी आणि मी. सगळ्यांच्या तळाशी चिठ्ठी. चिठ्ठी तळाशी राहिली आणि तिथेच घोटाळा झाला.

टाकेबाई तेव्हा डाव्या हाताने एका फाटक्या वहीची पाठ डकवत बसल्या होत्या. त्यांनी मला उचलले, दोरा निरखला आणि म्हणाल्या, "बांधणी बघा हो, गाठ कुठे दिसत नाही. पोरीनं खळीसाठी ब्रश पाठवलाय!" आणि मला सरळ खळीच्या वाटीत बुडवले! मित्रांनो, ज्या अंगाला चहाचा पहिला थेंब लागायचा त्याला कणकेची चिकट खळ लागली. रडायला मला डोळे नाहीत हे बरे.

इकडे त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमन, स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी डब्यातली तीन चमचे पूड दुधात टाकली, साखर टाकली आणि नेहमीच्या चहासारखी दहा मिनिटे उकळली. एक घोट घेऊन ते ओरडले, "अगं, लेकीनं चहा पाठवलाय की दाराचा रंग?"

तेवढ्यात लेकीचा फोन आला. दोन्ही बातम्या ऐकून ती आधी पोट धरून हसली आणि मग कळवळून म्हणाली, "आई, रवी आधी धू! साध्या पाण्यानं. साबण नको. आणि बाबांना म्हणावं, चिठ्ठी वाचा. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, एकदा स्वतःचं उघडा."

खळ सुकायच्या आत निघाली, म्हणून मी वाचले. मग पोस्टमननी चिठ्ठी मोठ्याने वाचली. हा चहा सावलीत वाढवलेल्या पानांचा, दगडी जात्यात दळलेला. पान टाकून द्यायचे नाही, सगळे पोटात जाते, म्हणून पूड थोडीच घ्यायची: दोन पळ्या. आधी चाळायची. रवी कोमट पाण्यात भिजवून मऊ करायची. पाणी उकळले की आच बंद करून चार-पाच मिनिटे थांबायचे, कारण उकळते पाणी चहा कडू करते. अर्ध्या कपाहूनही कमी पाणी. आणि मग घुसळायचे, गोल गोल नाही, पुढे-मागे, भराभर. खांदा हलवायचा नाही. सगळे काम मनगटाचे.

शेवटचे वाक्य वाचून पोस्टमननी बायकोच्या मनगटाकडे पाहिले. "तू डाव्या हातानं कर," ते हळूच म्हणाले.

"डाव्या हातानं मला टाका घालता येत नाही," टाकेबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला उजव्या हातात घेतले.

पहिल्या दिवशी अकरा हेलकाव्यांनंतर मी त्यांच्या बोटांतून निसटून वाडग्यात पडले. फेस सोडाच, पूड पाण्यावर शेवाळासारखी तरंगत होती. टाकेबाईंनी तो वाडगा तसाच तोंडाला लावला. तोंड वाकडे झाले, पण थेंब टाकला नाही. "दुपारी चारला पुन्हा," त्या म्हणाल्या. हाताच्या डॉक्टरांनी दिलेले व्यायाम त्या करतच होत्या. माझा चहा काही औषध नव्हे, पण रबरी चेंडू दाबून काय झाले ते दिसत नाही आणि वाडग्यात फेस आला की नाही ते लगेच दिसते.

रोज दोनदा. सकाळी सात, दुपारी चार. पूड चाळणे त्यांना सांगावे लागले नाही. "खळीत गुठळी राहिली की पान फुगतं, मला नका शिकवू," असे त्या मलाच सुनावत. पाण्याचे खाते पोस्टमनकडे. एरवी चहा जिभेला चटका देईल असाच पिणारा तो माणूस किटलीसमोर घड्याळ घेऊन उभा राहायचा. वेळ झाली की दारात येऊन म्हणायचा, "बाई, पाणी आलंय. सही करा."

एकोणिसाव्या दिवशी मात्र वाईट झाले. फेस येत नाही म्हणून टाकेबाईंनी मला वाडग्याच्या तळावर रगडले. कट्कन माझ्या दोन काड्या मोडल्या. त्यांनी त्या चहातून वेचून टेबलावर ठेवल्या. "खुर्ची गेली," त्या म्हणाल्या. पोस्टमननी लेकीला फोन लावून दिला.

"आई, तळाला टेकवायचीच नाही रवी," लेक म्हणाली. "जरा वर ठेव. जोर नको, वेग हवा. आणि तूच नाही का नव्या मुलींना ओरडायचीस?"

"काय ओरडायचे?"

"दोरा ओढू नका, नुसता न्या. ओढला की कागद फाटतो."

टाकेबाईंनी वाडगा धुतला, नवी पूड चाळली, दोन पळ्या मोजून घेतली आणि मला दोन बोटांत नि अंगठ्यात धरले, सुई धरतात तसे. माझा भार हातावर आला नाही, की हाताचा माझ्यावर. मी पाण्यात पुढे-मागे धावू लागले. मनगट दुखत होते, ते मला काडीकाडीतून कळत होते, पण ते हलत होते. कडेला चार बुडबुडे आले. चारच! पोस्टमननी चष्मा लावून ते मोजले.

पंचविसाव्या दिवशी अर्धा वाडगा फेसाने झाकला. तिसाव्या दिवशी पूर्ण.

पहिल्या तारखेला त्यांनी मला पिशवीत घेतले, कारण चारची वेळ चुकवायची नव्हती. पिशवी खुर्चीच्या हाताला लटकवली होती, त्यामुळे मला दिसले काही नाही, ऐकू आले सगळे. सुई कागदातून गेल्याचा बारीक आवाज. दोरा. पुन्हा सुई. मध्येच मोठा खंड आणि एक दाबलेला उसासा. मालकांच्या चपला दोनदा येऊन गेल्या. एका दप्तराला पूर्वी त्यांना तास लागायचा. त्या दिवशी तीन लागले.

"हळू झालंय, टाकेबाई," मालक म्हणाले.

"हळू झालंय. सैल झालंय का, ते बघा."

मालकांनी फर्मा ओढून पाहिला असावा. पाने फडफडली, पण काही निघून आल्याचा आवाज झाला नाही.

"तीनशे नाही देत," मालक शेवटी म्हणाले. "ऐंशी घ्या. बाकीची मी दुसऱ्याकडे देतो. खुर्ची तुमची."

"ऐंशी आत्ता द्या," टाकेबाई म्हणाल्या. "पुढचं पुढे मागून घेईन. आणि चार वाजलेत, मला गरम पाणी हवंय. उकळतं नको."

वर्ष संपेपर्यंत त्यांनी एकशे नव्वद दप्तरे शिवली.

मी त्यानंतर तीन वर्षे राबले. माझ्यासारख्या रवीला एवढे आयुष्य सहसा मिळत नाही. मला ते मिळाले, कारण दर खेपेला मला साध्या पाण्याने धुऊन, काड्या मोकळ्या करून वाऱ्यावर उभे ठेवले गेले. मित्रांनो, ओल्या रवीला डब्यात कोंडू नका, तिला बुरशी लागते. पुडीचा डबा मात्र घट्ट लावून थंड जागी ठेवा आणि लवकर संपवा, जुनी पूड पिवळी पडून रुसते. आणि पहिल्या वाडग्याला फेस आला नाही तर रवीला दोष देऊ नका, हाताला तर मुळीच नको.

मालकांनी सहा वर्षांनी कारखाना पुतण्याकडे सोपवला, पण शिवणकामाची खोली मोडू दिली नाही. लेकीने स्वतःचे छोटे दुकान थाटले. तिथे नव्या गिऱ्हाइकाला ती आधी रिकाम्या वाडग्यात साधे पाणी घुसळायला लावते. पोस्टमन चार वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत ते दुधाचाच चहा प्यायले, पण किटलीसमोर उभे राहणे त्यांनी सोडले नाही.

टाकेबाई आता शहात्तर वर्षांच्या आहेत. थंडीत मनगट ठणकते. पाण्यापाशी आता त्या स्वतःच थांबतात. आज सकाळी त्यांनी माझ्यानंतर आलेल्या चौथ्या रवीने चहा केला. फेस कडेला विरळ होता. त्यांनी वाडगा उजेडाकडे वळवून पाहिला, नाक मुरडले, बाही वर सारली आणि पुन्हा घुसळायला घेतले.