फाटकापाशी चढणारा काटा

"चढला! चढला!"

फाटकापाशी उभ्या मोटारीभोवती सगळी गल्ली लोटली होती. स्टिअरिंग धरून महाराज डोळे मिटून बसले होते आणि समोरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा तळातून हळूहळू वर सरकत होता.

"बघा!" महाराज गरजले. "रस्त्यावर नेली की काटा मेलेला. दारात आणली की जिवंत! आत्मा उष्ण असतो, वहिनी. तुमचे मालक घर सोडायला तयार नाहीत."

शेजारच्या सीटवर वहिनींच्या डोळ्यांना धार लागली. थंडीच्या तोंडावर नवरा गेला. मुलगा परदेशी. घर खायला उठायचं, म्हणून त्या संध्याकाळी ह्यांच्या गाडीत जाऊन बसायच्या, इंजिन चालू करून ह्यांच्याशी बोलायच्या. एकदा बोलता बोलता काटा चढलेला दिसला. ते त्यांनी भाबडेपणाने शेजारणीला सांगितलं आणि शेजारणीने महाराजांना गाठलं. हे जन्माचे घरकोंबडे. गेल्यावरही दार सोडत नाहीत, यात वहिनींना नवल वाटलं नाही.

"उद्या गाडी शेडमध्ये घ्या," महाराजांनी फर्मान सोडलं. "दारं लावा, फटी बुजवा, इंजिन चालू ठेवा आणि एकट्याच आत बसा. मालक बोलतील."

गर्दीत उभी राहून वहिनींची नणंद हे ऐकत होती. शाळेत विज्ञान शिकवणारी ही धाकटी नणंद त्याच दुपारी आली होती. माणसं पांगल्यावर ती म्हणाली, "वहिनी, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवलंस तर त्या धुराने बसल्या जागी मरशील. त्यातल्या विषारी वायूचा वाससुद्धा येणार नाही."

"गेला जीव तर जाऊ दे. ह्यांच्याजवळच जाईन ना."

नणंदेने त्यांचा हात धरला. "तो माझाही भाऊ होता. मला फक्त उद्याची सकाळ दे."

सकाळी गाडी गार असताना तिने बॉनेट उघडलं, वहिनींचा हात रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड नळीवर ठेवला आणि गाडी चालू केली. नळी लगेचच कोमट व्हायला लागली.

"इथंच चुकतंय," नणंद म्हणाली. "इंजिन तापेपर्यंत ही नळी गार राहायला हवी. आत पाणी अडवणारी एक झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात तिला."

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने जुनी झडप काढून दिली. नवी बसवण्याआधी नणंदेने दोन्ही स्वयंपाकघरात आणल्या आणि पाण्याच्या पातेल्यात सोडल्या. नवी गार पाण्यात घट्ट मिटलेली होती, पाणी उकळीला येता येता उघडली. जुनी गार पाण्यातही आ वासून पडली होती.

"हिच्यामुळे पाणी सारखं रेडिएटरमध्ये फिरत राहतं. रस्त्यावर वारा लागतो, त्यात हे थंडीचे दिवस. इंजिन गारठतं, काटा पडतो. दारात वारा थांबला की चढतो. चांगल्या गाडीत एकदा तापल्यावर तो नव्वद अंशांच्या आसपास, मधोमध टिकतो. गाडी पळू दे नाहीतर उभी राहू दे."

वहिनींनी गॅस बंद केला. "मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होते गं?" त्यांना रडू फुटलं. नणंदही रडली. दोघी बराच वेळ ओट्याला टेकून उभ्या होत्या.

संध्याकाळी महाराज पुन्हा आले आणि नवी झडप बसवलेली गाडी नणंदेच्या सांगण्यावरून त्यांनी स्वतः फिरवून आणली. काटा रस्त्यावर पडला नाही, दारात चढला नाही. महाराज क्षणभर गांगरले, पण हार मानतात कसले!

"पाहा! आत्मा गाडीत कायमचा स्थिरावला!"

चार-दोन हात जोडलेही गेले. तेवढ्यात वहिनी जुनी झडप घेऊन पुढे झाल्या.

"महाराज, सकाळी गॅरेजवाल्याने एवढंच बदललं. हाच जर माझा नवरा असेल, तर घरी न्या आणि बोलता करून आणा."

गल्ली खो खो हसली. महाराजांनी काढता पाय घेतला.

नणंदेने सगळ्यांना झडपेची करामत समजावली, बंद शेडमधला धोकाही सांगितला. "नवल वाटलं की आधी विचारा, असं का होतं? हात लावून बघा, पाण्यात घालून बघा. हात जोडायची घाई करू नका. आज माझ्या वहिनीचा जीव गेला असता."

लोक पांगू लागले, तशा वहिनी म्हणाल्या, "हे गेलेत. गाडीत कोणी नाही. उद्यापासून इथं बघण्यासारखं काही नाही. तरी याल का कुणी, मला भेटायला?"

हसू विरलं. रोज काचेला नाक लावून काटा बघणारी शेजारीण खाली मान घालून उभी राहिली.

"उद्या कशाला, वहिनी," ती म्हणाली आणि फाटक उघडून आत आली.