वेलीने धरलेली भिंत

मंगळवारी सकाळी सातच्या सुमाराला लिसकॅराच्या किल्ल्याची उत्तरेकडची भिंत वरून निम्म्यापर्यंत कोसळली. कोणाला इजा झाली नाही. भिंतीला टेकून बसणाऱ्या गाई नेमक्या ओढ्याकडे गेल्या होत्या, आणि धुराड्यात घरटी करणारे कावळे आवाजाच्या आधीच उडाले होते.

नोनी टूही त्या वेळी चुलीत पीटची, दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीची, ढेकळे सारत होती. ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. ती खिडकीकडे धावली नाही. तिने आधी दाराजवळच्या खिळ्याकडे पाहिले. किल्ल्याची चावी जागेवर होती.

चावी त्या घरात तिच्या आईच्याही आधीपासून होती. किल्ला सरकारचा, भोवतालचे कुरण टूहींचे, आणि रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेले की चावी शेजारच्या घरी मिळेल. कोणी दार वाजवले की नोनी हात पुसायची, नाव विचारायची, चावी द्यायची आणि अंधाराच्या आत परत आणायला सांगायची. लिमरिकच्या पलीकडे ती फारशी गेली नव्हती. पण बॉस्टनची माणसे, पर्थची माणसे तिच्या उंबऱ्यावर बूट झटकून गेली होती.

संध्याकाळी चावी परत आली की ती स्वतः वर जायची. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत, भिंतीच्या जाडीतच समोरासमोर दोन दगडी बैठका कोरलेल्या होत्या. डावीकडची तिची. "राणीसाहेब दरबारात गेल्या," असे गावात म्हणत, आणि ते तिला ठाऊक होते.

तिथे तिचा डोळा लागायचा. मग किल्ला सबंध असायचा. जमिनीवर ओले लव्हाळे पसरलेले, कुठेतरी लाकूड जळल्याचा वास, आणि गोल जिन्यावरून कोणी बाई तिच्या पुढे चढत असायची. वळणावर तिच्या झग्याच्या घोळाची कड तेवढी दिसायची आणि जायची. नोनीने तिला गाठायची घाई कधी केली नाही. ती कोण, हेही कधी ठरवले नाही. जाग आली की बाहेर गाई आणि खाली आपल्या घराचा धूर, एवढे दिसले की पुरे व्हायचे.

भिंत पडल्यावर थोड्या वेळाने तिचा धाकटा भाऊ पॅकी कुरणातून आला. टोपी हातात, तोंड पांढरे.

"नोने, पडली गं."

"ऐकलं मी. बूट काढ आधी."

"माझ्यामुळं पडली."

"तुझ्यामुळं काय पडतंय? गोठ्याचं दार इतकी वर्षं नुसतं लटकतंय, तेसुद्धा तुझ्याच्यानं पडत नाही."

तो हसला नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी, तिच्या सत्तराव्या वाढदिवसाला, त्याने किल्ल्यावरच्या आयव्हीच्या वेलीचा मांडीएवढा बुंधा करवतीने कापला होता. वेल खिडकीवर चढली होती आणि नोनीच्या बैठकीवर अंधार पडायला लागला होता. कुरणाच्या मध्यावर एकटे उभे असलेले काटेरी झाड तोडायला लिसकॅरात कोणी धजत नाही. ते भुईखालच्या लोकांचे, म्हणजे पऱ्यांचे, आणि त्यांचा राग पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाही. वेलीचा वाली मात्र कोणी नव्हता. वेल वाळली, पाने गळली, उजेड आला. त्या उजेडात नोनी तीन वर्षे बसली. तेवढ्या काळात भिंतीच्या पोटातली मुळे सुकत गेली आणि दगडांना धरणारे कोणी उरले नाही.

"वाढदिवसाची भेट म्हणे!" पॅकी म्हणाला. "त्यापेक्षा एनिसहून एखादा स्कार्फ आणला असता तर..."

"मला स्कार्फ नको होता," नोनी म्हणाली आणि त्याच्यासमोर चहा ठेवला.

दुपारी सरकारी खात्याची इंजिनिअर आली. आयलीश नावाची तरुण बाई, पिवळे हेल्मेट, बुटांना चिखल. तिने भिंतीला लांबून फेरी घातली आणि मग स्वयंपाकघरात येऊन बसली. नोनीने सोडा ब्रेड कापला, वर लोणी जाड लावले.

"वेल कोणी तोडली?" आयलीशने विचारले.

"वारा फार असतो इथं," नोनी म्हणाली.

"बुंधा तर करवतीनं कापल्यासारखा दिसतोय."

"पश्चिमेचा वारा आहे बाई," पॅकी म्हणाला. "त्याला दात असतात."

एवढे बोलताच त्याचे कान लाल झाले. त्याने ब्रेडचा तुकडा बशीत ठेवला.

"मी तोडली. हिला काही माहीत नव्हतं."

"माहीत होतं," नोनी म्हणाली. "मला उजेड हवा होता."

आयलीशने चहाचा कप खाली ठेवला. "निम्मे शेतकरी हेच करतात," ती म्हणाली. "वाटतं, वेल भिंत खातेय. खातेच ती. पण खाऊन झाल्यावर तीच भिंत होऊन बसते." मग खालच्या आवाजात म्हणाली, "नोनी, मला चावी न्यावी लागेल."

"किती दिवस?"

"वरचा मजला टेकू देऊन राखायचा की उतरवून टाकायचा, हे ठरेपर्यंत."

"खिडकीचा मजला?"

"तोच."

नोनीने बशा गोळा केल्या, पुन्हा खाली ठेवल्या.

"मी एकदा वर जाऊन येते."

"नाही. मी स्वतःसुद्धा जाणार नाही. दारापर्यंत चला हवं तर."

तिघे कुरणातून गेले. नोनीने स्वतःच्या हाताने कुलूप काढले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, असे आयलीशने बजावले आणि तिथूनच बॅटरीचा झोत छतावर टाकला. कमानीच्या चुन्यात टोपलीची वीण उमटलेली होती. बांधताना खालून धरलेली फांद्यांची चटई केव्हाच कुजून गेली होती. वीण मात्र एकेक काडी मोजता येईल इतकी ताजी होती, एका जागी विणणाऱ्याची काडी चुकलेलीसुद्धा दिसत होती. नोनीचे तिकडे लक्ष नव्हते. ती कोपऱ्यातल्या जिन्याकडे पाहत होती. वरून बारीक धूळ एका संथ धारेत खाली येत होती.

"वर कोणी चालतंय," ती म्हणाली.

"कावळे असतील," आयलीश म्हणाली.

"हं."

कुलूप लागले. आयलीशने हात पुढे केला. नोनीने चावी मुठीतच ठेवली.

"नाव?"

"मघाशी सांगितलं की."

"चावी नेणाऱ्यानं पुन्हा सांगायचं असतं. पूर्ण."

"आयलीश मेरी केव्हनी."

"अंधाराच्या आत आणून द्यायची."

आयलीशने मान खाली घातली. "ते माझ्या हातात नाही."

"कळतंय गं पोरी. पण म्हणायचं असतं." आणि नोनीने चावी तिच्या तळहातावर ठेवली.

त्या आठवड्यात किल्ल्याभोवती तारेचे कुंपण घातले गेले. रस्त्यावरची पाटी तशीच राहिली, त्यामुळे माणसे अजून दार वाजवतात. किल्ला बंद आहे, असे नोनी त्यांना सांगत नाही. कोट घालते आणि कुंपणापर्यंत त्यांच्याबरोबर जाते. बाहेर उभी राहून आतला जिना सांगते, खिडकी सांगते, कुठल्या पायरीवर डोके वाकवायचे तेही सांगते. परवा एका म्हाताऱ्या पाहुण्याने ऐकता ऐकता खरेच डोके वाकवले, असे पॅकी म्हणाला.

निर्णय मार्चमध्ये कळेल, असे खात्याने म्हटले होते. एप्रिल लागला आहे. टेकूचे लोखंडी पाइप येऊन कुरणात पडले आहेत. ओढ्याच्या बाजूला, जिथून रस्ता दिसत नाही, तिथे कुंपणाची खालची तार वर वाकलेली आहे, एक माणूस आडवा होऊन आत सरकेल इतकी.

गाई अंग घासतात तिथे, असे पॅकी सांगतो.