पत्र्याची भिंत

हे दोन व्याही समोरासमोर आले, की तिसऱ्याने तिथून काढता पाय घ्यावा, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मुलीचा बाप सरकारी ओव्हरसियर. लढाई सुरू झाल्यापासून दारूगोळ्याचा कारखाना आणि कामगारांची वसाहत, दोन्ही त्याच्याच देखरेखीखाली उभी राहिली होती. मुलाचा बाप बिल्डर. त्याने राहतं घर विकलं आणि तो पैसा कारखान्याच्या रस्त्यावर भाड्याच्या घरांची लांबलचक ओळ बांधण्यात घातला. भिंती झाल्या, दारं-खिडक्या बसल्या, आणि नेमकं तेव्हाच सरकारने लाकूड, सिमेंट, पत्रे सगळं ताब्यात घेतलं. ओळ तशीच छपराविना बोडकी राहिली.

बिल्डर म्हणायचा, सरकारने बांधलेली घरं म्हणजे काड्यापेट्या. ओव्हरसियर म्हणायचा, असेनात का, झाकण तर आहे. तुम्हा खाजगीवाल्यांना विटेतसुद्धा भाडं दिसतं. पत्र्यांचा परवाना मिळत नव्हता असंही नाही. सरकार ठरवेल तेवढंच भाडं घेईन, असं लिहून द्यायचं, की झालं. पण बिल्डर पडला हेकट. त्यात आणखी एक मेख होती. ओळीतल्या एका घरात जरी कुणी राहायला आलं, तरी अख्खी ओळ सरकारी भाड्यात जायची, तीही कायमची. त्यामुळे तो कुणाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नव्हता. लढाई काय, आज ना उद्या संपेल, म्हणायचा.

दोघांच्या या हट्टात भरडली जात होती ती लेक. नवरा आघाडीवर, कडेवर वर्षाचं पोर, आणि राहायला सासऱ्याचं सिमेंटचं गोदाम. सिमेंट कधीच संपलं होतं, ओल तेवढी उरली होती. सासू-सासरेही तिथेच पथारी टाकत. पोराचा खोकला हटेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, थंडीच्या आत याला कोरड्या जागेत न्या, नाहीतर छाती भरेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.

ती आधी बापाकडे गेली. तो स्वतः बराकीत खाट टाकून राहत होता. वसाहतीतलं घर फक्त कारखान्यात काम करणाऱ्याला, सैनिकाच्या बायकोला नाही, नियम म्हणजे नियम, असं त्याने मान खाली घालून सांगितलं. मग ती सासऱ्याकडे गेली. त्याने नुसतं आकाशाकडे पाहिलं, जणू छप्पर तिथूनच उतरणार होतं. धन्य आहे या माणसांची! लेक काही रडली-बिडली नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर जाऊन तिने नाव घातलं आणि घराची किल्ली घेऊन आली.

पहिल्या सुट्टीला ओव्हरसियर तिच्याकडे गेला. सासू पोराला सांभाळायला तिथेच राहायला आली होती. जमीन कोरडी ठणठणीत, खिडकीतून ऊन आत येत होतं, आणि पोर खोकल्याविना झोपलं होतं. ओव्हरसियरने भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. छाती जरा फुगलीच त्याची. बघ, सरकारी घर, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात चहा ओतता ओतता लेक कामाबद्दल सांगायला लागली. काम बसून करायचं, फार दगदग नाही. प्रत्येकीला वेगळी खोली. "हवेशीर आहे हो, बाबा. तीन भिंती हातभर जाड, आणि चौथी नुसती पत्र्याची."

ओव्हरसियरने कप खाली ठेवला. ती खोली त्यानेच बांधली होती. नकाशा हातात आला तेव्हा त्याने साहेबांना विचारलंही होतं, की चौथ्या भिंतीत कंजुषी कशासाठी. साहेबांनी समजावून सांगितलं होतं. तिथे सुरुंगाची दारू भरतात. कधी भडका उडाला तर जोर पत्रा फाडून मोकळ्या मैदानात जावा, शेजारच्या खोल्या वाचाव्यात, कारखाना एका दिवसासाठीही बंद पडू नये. आत बसलेल्या माणसाबद्दल साहेब काही बोलले नव्हते, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. उलट पत्रा कसा हलका बसवला म्हणून शाबासकी घेतली होती.

तिथून तो तडक गोदामावर गेला. ही गोष्ट बाहेर बोलायची नाही अशी शपथ त्याने घेतलेली होती. ती मोडून त्याने व्याह्याला सगळं सांगितलं.

बिल्डरने विचारलं, "तिने काम सोडलं तर?"

"किल्ली परत द्यावी लागते."

"आणि पोर परत या ओलीत."

"व्याहीबुवा, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"मागू नका," बिल्डर म्हणाला. "शिडी धरा."

गोदामाचे पत्रे त्याने स्वतः उचकटले. या वयात छपरावर चढलेला माणूस, खाली पाहायची सोय नाही, आणि खाली शिडी धरून उभा सरकारी ओव्हरसियर. येणारे-जाणारे थांबून बघत होते. तेच पत्रे आणि त्याच तुळया दोघांनी मिळून ओळीतल्या पहिल्या घरावर चढवल्या. खिळ्यांवरून भांडलेसुद्धा. शेवटचा पत्रा बसला तेव्हा बिल्डर उरलेल्या बोडक्या घरांकडे बघत म्हणाला, गेली ओळ. एवढंच. राहतं घर विकून उभी केलेली ओळ होती ती, आणि ओव्हरसियरला पहिल्यांदाच त्याचं खरोखर वाईट वाटलं.

सामान हलवताना लेकीने बापाला बाजूला घेतलं. "मामंजींना तुम्ही सांगितलंत ना? मला माहीत होतं, बाबा. पत्रा कशासाठी, ते तिथे पहिल्याच दिवशी कळतं. तुम्हाला झोप लागावी म्हणून हवेशीर म्हटलं."

त्याला भरून आलं. सगळ्यांसमोर त्याने डोळे पुसले आणि त्याची लाजही वाटली नाही.

किल्ली परत द्यायला बापलेक कारखान्याच्या कचेरीत गेली. बाहेर बायकांची रांग लागली होती. कारकुनाने किल्ली घेतली, लेकीच्या नावावर रेघ मारली, आणि तीच किल्ली रांगेतल्या पुढच्या पोरीच्या हातावर ठेवली. वीस-बावीसची असेल. खांद्यावर तान्हं, डोळ्यांखाली काळं, पण किल्ली अशी मुठीत धरलेली की कुणी हिसकावूनच नेईल. ओव्हरसियरच्या टोपीवरचा सरकारी बिल्ला पाहून ती धीर करून पुढे आली.

"साहेब, घर कोरडं आहे ना?"

"कोरडं आहे. मीच बांधलंय."

"आणि कामाची खोली? कोंदट नाही ना? मला कोंदट जागेत घाबरं होतं."

लेक बापाकडे बघत राहिली. ओव्हरसियरने तोंड उघडलं. सांगायचं ते सगळं जिभेवर आलं होतं. तान्हं खोकलं, आणि त्या पोरीने त्याची पाठ चोळली. तिला सांगून तो काय देणार होता? त्याच्याकडे दुसरं गोदाम नव्हतं आणि दुसरा व्याहीही नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "हवेशीर आहे."

पोरीचा चेहरा खुलला. वाकून नमस्कार करून ती वसाहतीच्या दिशेने निघाली. लेकीने बापाचा हात धरला आणि दोघं घरी आली.