अळणी केक

संसार टिकवून धरणारा मानवजातीचा सर्वांत मोठा शोध म्हणजे चाक नव्हे, विस्तव नव्हे, लिपी तर नव्हेच. तो म्हणजे ‘छान’ हा शब्द. हा शब्द सापडला नसता तर नवरा-बायको अजून वेगवेगळ्या गुहांत राहत असते.

हे तत्त्व तक्रारसाहेबांनी ओट्याशी उभं राहून, डावा हात उंचावून जाहीर केलं. मात्र तोंडात केकचा घास होता आणि तो टाळूला असा चिकटला होता की ऐकणाऱ्याला फक्त ‘मामवजाती’ आणि ‘गुहा’ एवढंच कळलं.

“आधी गिळा,” बायको म्हणाली. “मग सांगा. कसा झालाय?”

“छान.”

“अहो, मधोमध खड्डा पडलाय. त्यात पाणी भरलं तर चिमण्या अंघोळीला येतील. छान काय?”

साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं. “खड्डाही छान पडलाय,” असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण बायकोच्या हातात सुरी होती.

तक्रारसाहेब हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रार खिडकीच्या आतल्या बाजूला त्यांची सारी नोकरी गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्यामुळे त्यांनी स्वतःच्या वाट्याची एकही तक्रार कधी उचलली नाही. एकदा न्हाव्याने चुकून त्यांची अर्धी मिशी उडवली. साहेबांनी आरशात पाहिलं, ‘छान’ म्हणाले, आणि न्हाव्याला वाईट वाटू नये म्हणून उरलेली अर्धीही काढायला सांगितली.

बायकोला सगळी इमारत मावशी म्हणते. कोपऱ्यावरच्या कॅफेत काचेचं कपाट आहे, त्यातली वरची फळी मावशीच्या केकची. मावशी कधी कशाचं माप घ्यायची नाही. मिश्रण फेटायची, बोट बुडवून जिभेला लावायची, आणि जीभ जे सांगेल ते हात करायचा. मध्यंतरी मावशीला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, चव येईल. कधी? येईल. डॉक्टरांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं, त्यामुळे ते खरं असावं.

ही गोष्ट घरातल्या दोघांनाच ठाऊक होती. तापापासून कॅफेला एकही केक गेला नव्हता. आणि अशा वेळी कॅफेची मालकीणबाई मेपल सिरपची बाटली घेऊन दारात उभी राहिली.

“साखर नको म्हणणारी गिऱ्हाईकं वाढलीत हो मावशी. हे मेपलच्या झाडाच्या रसाचं सिरप, याचा एक केक करून बघा. मी संध्याकाळी चाखायला येते. नाही जमलं तर राहू द्या, जिवाला लावून घेऊ नका. केकच्या कारखान्याचा माणूस फळीसाठी मागेच लागलाय.”

‘जिवाला लावून घेऊ नका’ हे ऐकल्यावर माणूस जेवढं जिवाला लावून घेतो, तेवढं एरवी कशानेच लावून घेत नाही. मावशीने बाटली उघडली, वास घेतला, बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. काही नाही. पाणी म्हणून दिलं असतं तर पाणी म्हणून प्यायली असती. जो पदार्थ आयुष्यात कधी चाखला नाही आणि आता चाखता येणार नाही, त्याचा केक संध्याकाळपर्यंत करायचा होता.

“कसं लागतं ते सांगा,” तिने चमचा पुढे केला.

“छान.”

“अहो! मधासारखं? जळक्या साखरेसारखं? कशासारखं?”

साहेबांनी डोळे मिटले. एवढ्या कठीण प्रश्नाला ते कचेरीत ‘वरिष्ठांकडे पाठवले आहे’ असं उत्तर देत. इथे वरिष्ठ तीच होती. “मध कसा, आल्या आल्या बडबड करतो,” ते चाचरत म्हणाले. “हे अबोल आहे. आधी गोड, मग मागून... नव्या लाकडी कपाटाचं दार उघडावं तसं काहीतरी.”

मावशी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाला ‘छान’खेरीज इतके शब्द येतात हे तिला नवीन होतं.

कामाला ती लागली, पण रोजची चाल इथे चालेना. लोण्यात साखर घालून फेटलं की साखरेचे कण लोण्यात हवा कोंडून ठेवतात, त्यावर केक फुगतो. सिरपला कण कुठले? त्यात साखर जितक्या वाट्या पडते तितक्याच वाट्या सिरप तिने घातलं, आणि दूधही नेहमीएवढंच. मिश्रण पातळ झालं. फुगून वर आलेला केक ओव्हनमधून काढताच मधोमध बसला आणि आतून रबरासारखा निघाला. चिमण्यांची अंघोळ ती हीच.

दुसऱ्या खेपेला तिने सिरप कमी केलं, दुधाचा हात आखडता घेतला, अंडी वेगळी फेसाळेपर्यंत फेटून अलगद मिसळली. मिश्रण दाट आणि हलकं झालं. तेवढ्यावर ती हसली, हेच चुकलं. सिरप साखरेपेक्षा लवकर रंग धरतं. ओव्हनची आच नेहमीची होती. वरून केक बुटाच्या टाचेसारखा काळा झाला आणि आत काडी घातली तर ओलीच बाहेर आली.

“कडेचा तुकडा बघा.”

“छान. कुरकुरीत.”

“करपलाय.”

“करपून कुरकुरीत.”

मावशी स्टुलावर बसली. खिडकीतून ऊन ओट्यावरून सरकत भिंतीवर गेलं होतं. बाटलीत सिरप तळाच्या बाजूला आलं होतं. “गाडी चालवणाऱ्याचे डोळे गेले,” ती म्हणाली, “आणि शेजारी बसवलाय कोण? वळण आलं की ‘छान’, खड्डा आला की ‘छान’, दरी आली तरी...”

साहेबांनी करपलेला तुकडा उगाच पुन्हा चावला. ताप उतरल्यापासून एक गोष्ट ते रोज गिळत होते. ती सांगावी तर बायकोला कळेल की आपल्या हातातलं स्वयंपाकघर सुटलं. न सांगावी तर संध्याकाळी मालकीणबाईच सांगेल, आणि तेही कपाटातली फळी दुसऱ्याला देऊन.

तिसरा केक मावशीने जीव मुठीत धरून केला. आच कमी ठेवली, भांडं खालच्या जाळीवर ठेवलं, सिरपचा आंबटपणा मारायला चिमूटभर सोडा टाकला, आणि नेहमीप्रमाणे डब्यातलं चिमूटभर मीठ. ओव्हनच्या काचेसमोर ती अशी बसली, जणू आत केक नसून नातवंडाची परीक्षा चालू आहे. केक फुगला आणि फुगलेलाच राहिला. कानाजवळ नेऊन तिने ऐकलं. आतला बुडबुड्यांचा आवाज थांबला होता. बोटाने दाबला तर परत वर आला. रंग तांबूस. हे सगळं तिला जिभेशिवाय कळत होतं.

“पोत जमला,” ती म्हणाली. “आता पोताच्या पुढचं तुम्ही सांगा. आणि ‘छान’ म्हणालात तर उरलेला केक उशीखाली घालून झोपवीन तुम्हाला.”

साहेबांनी घास घेतला. चावला. कपाळावर घाम आला.

“अळणी आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“केक. अळणी आहे. आणि गोड फार. एका घासानंतर पाणी मागावं इतका.”

“केक कधी अळणी असतो का हो? आणि मीठ मी या हाताने घातलंय. आत्ता. तुमच्या डोळ्यांदेखत.”

“भाजीतही घालतेस.”

“मग?”

“तीही...” साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “गोड असते.”

“कधीपासून?”

“उठल्यापासून. म्हणजे तू. अंथरुणातून.”

मावशीचा चेहरा उतरला. “आणि चहा?”

“चहाचं राहू दे.”

“चहा कसा असतो?”

“खारट.”

“चालले,” मावशी हळूच म्हणाली. “जीभ गेली, आता डोकंही चाललंय. इतके दिवस तुम्ही खारट चहा पीत होता? मुकाट्याने?”

“पहिले दोन दिवस जड गेलं. मग सवय झाली.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“तू घाबरली असतीस.” ते थांबले. “आत्ता घाबरलीस तशीच.”

मावशीने डोळे पुसले. मग एकाएकी उठली. मांडणीवरचे दोन डबे काढले, झाकणं उघडली, आणि दोन बोटांची टोकं वेगवेगळ्या डब्यांत बुडवून नवऱ्यासमोर धरली. बारीक साखर आणि बारीक मीठ. दोन्ही सारखीच पांढरी.

“चाटा. हे काय?”

“साखर.”

“हा मिठाचा डबा. आणि हे?”

“मीठ.”

“हा साखरेचा. मी अंथरुणात असताना डबे घासून कुणी भरले?”

तक्रारसाहेबांचं तोंड उघडं पडलं, आणि मिठाच्या बोटाने ते ताबडतोब मिटलं. “डबे ओळखू यावेत म्हणून लावलेल्या चिठ्ठ्याही मी धुऊन काढल्या होत्या,” ते म्हणाले. “फार घाण झाल्या होत्या.”

मावशी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकत्र. डोकं शाबूत होतं तिचं. बावळट नवऱ्यापेक्षा भली गोष्ट त्या क्षणी जगात दुसरी नव्हती. निदान दोष देता येत होता.

सिरप उरलं होतं ते तिसऱ्या केकला घातलं त्याहून बरंच कमी. तेवढ्यातच चौथा केक भागवायचा होता. ओलावा कमी पडू नये म्हणून तिने चमचाभर दूध परत वाढवलं. आणि मीठ घालण्याआधी चिमूटभर नवऱ्याच्या जिभेवर ठेवलं.

“मीठ,” साहेब म्हणाले.

“नक्की?”

“शपथेवर.”

केक ओव्हनमधून निघून पुरता निवलाही नव्हता तोच मालकीणबाई आली. चौथा केक साहेबांनीही चाखला नव्हता. कापून चाखलेला केक पुढे ठेवायचा नाही, हे मावशीचं म्हणणं. मालकीणबाईने पर्स मांडीवर ठेवली, तुकडा उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि भिंतीकडे बघत चावू लागली. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. साहेबांना एकाएकी तहान लागली.

“छान,” मालकीणबाई म्हणाली.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. या घरात तो शब्द त्याच दुपारी मेला होता.

“छान म्हणजे काय?” तक्रारसाहेब म्हणाले.

त्यांच्या आयुष्यातली ही दुसरी तक्रार. मालकीणबाई दचकली, उरलेला अर्धा तुकडा तोंडात टाकून नीट चावू लागली. “म्हणजे... कड जरा चिवट आहे. ती कापून टाकू. पण गोडी नेमकी आहे. जिभेवर येते आणि राहते, डोक्यात जात नाही. आणि ते मागचं लाकडासारखं लागतंय ते झाकलं नाहीत, हे बरं केलंत. सगळे साखरेच्या हिशेबाने ओततात. फळी तुमचीच, मावशी. पण एक सांगा, पहिल्याच खेपेला चव कशी जमवलीत?”

‘जमली’ म्हणून सोडून देणं सोपं होतं. मावशीने पदराचं टोक सोडलं.

“मला चव येत नाही. तापापासून. जीभ यांची आहे, हात माझे.”

मालकीणबाईने मावशीकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग केककडे.

“मग यांना थंडीवाऱ्यात सोडू नका,” ती म्हणाली, आणि उरलेला केक डब्यात भरून घेऊन गेली.

दार लागलं. मावशी स्टुलावर टेकली. साहेबांनी चहाचं आधण ठेवलं, नको म्हटलं तरी ठेवलं. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले.

“काय हवं ते मागा आज,” मावशी म्हणाली. “फळी राहिली ती तुमच्यामुळे. काय हवं बोला. काहीही.”

साहेबांनी बराच विचार केला. आधणाला उकळी आली.

“चहात,” ते म्हणाले, “साखर घालशील?”